नॅरोगेज इंजिनाचा इतिहास लोखंडावरून कसा वाचावा

नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज (अरुंद रूळमार्ग) संग्रहालयात वाफेच्या इंजिनासमोर उभे राहिल्यावर नजर आधी माहितीफलकाकडे जाते. पण इंजिनाचा इतिहास खरोखर शोधायचा असेल, तर फलक शेवटी वाचावा आणि सुरुवात चाकांपासून करावी.

दोन्ही बाजूंची चाके धरून पुढून मागे मोजत जावे. पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन लहान चाके असतील, तर ती ४-६-२ ही मांडणी, म्हणजेच ‘पॅसिफिक’. गोंदिया–जबलपूर हा नॅरोगेज मार्ग १९०३ ते १९०५ या काळात बांधला गेला, त्याच दशकात बंगाल नागपूर रेल्वेने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून घेतलेली ‘सीसी’ वर्गाची इंजिने याच मांडणीची होती. मात्र १९५४ साली जपानच्या निप्पॉन शार्यो कंपनीने बांधलेली ‘झेडपी’ वर्गाची इंजिनेही ४-६-२ च असल्यामुळे केवळ चाकांवरून वर्ग ठरवू नये. ‘झेड’ हे अक्षर ७६२ मिलिमीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांमधील अंतराचे, तर ‘सीसी’ हे नाव बंगाल नागपूर रेल्वेच्या स्वतःच्या पद्धतीचे.

यानंतर निर्मात्याची पाटी शोधावी. नॉर्थ ब्रिटिशची पाटी शंकरपाळ्याच्या आकाराची असेल, तर इंजिन क्वीन्स पार्क कारखान्यातले समजावे. पाटीवरचा क्रमांक कारखान्याने एकदाच दिलेला असतो. रेल्वेचा क्रमांक वेगळा, आणि दोन्हींची गल्लत करू नये. रंगवलेली अक्षरे तर शेवटच्या मालकापुरतीच खरी असतात, कारण बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारकडे, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत आणि १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वेत गेली.

खरा ऐवज चाके जोडणाऱ्या दांड्यांवर असतो. विजेरी दांड्याला जवळजवळ टेकवून प्रकाश तिरपा पाडला की रंगाच्या थरांखाली ठोकलेले आकडे सावलीने उठून दिसतात. रंग मात्र कधीही खरवडू नये. दांड्यावरचा क्रमांक इंजिनाच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर ती चूक समजून सोडून देऊ नये. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी कारखान्यात त्याच वर्गाच्या दुसऱ्या इंजिनाचा दांडा बसवला जात असे, आणि त्या भावंडाचा पुरावा कदाचित एवढाच उरलेला असतो. माझ्या मते हे न जुळणारे आकडेच सर्वांत मोलाचे आहेत. बॉयलरही असेच बदलले जात, म्हणून त्याचा क्रमांक स्वतंत्र टिपून ठेवावा.

एक बाजू झाली की दुसरीही तितक्याच निगुतीने पाहावी, कारण डावीकडचा दांडा मूळचा आणि उजवीकडचा परका, असेही आढळू शकते.