दहा थाळ्यांवर अकरावी फुकट: गल्ल्यावरच्या मोबाईलवर गिऱ्हाईक-योजना कशी चालवायची

आधी हिशेब, मग मोबाईल. दादरच्या एखाद्या पोळी-भाजी केंद्रात थाळी 120 रुपयांना जाते आणि माल, गॅस, डबा धरून दुकानदाराला 70 रुपयांना पडते असं समजा. दहा थाळ्यांवर अकरावी फुकट दिली, तर गिऱ्हाइकाला 120 रुपये मिळाल्यासारखं वाटतं आणि तुमचे 70 जातात. थेट दहा टक्के सूट दिली असती, तर दहा थाळ्यांत रोख 120 गेले असते. म्हणून वस्तू द्या, पैसे कापू नका.

पण हा हिशेब अर्धाच आहे. अकरावी थाळी त्याने एरवी विकतच घेतली असती, तर तुमचं नुकसान पूर्ण 120 चं. एका थाळीत 50 रुपये सुटतात, म्हणजे योजनेमुळे त्या गिऱ्हाइकाने तीन थाळ्या जास्तीच्या घेतल्या तरच ती परवडते. रोज न चुकता येणाऱ्याला बक्षीस देऊन विक्री वाढत नाही. आठवड्यातून एकदा येणारा दोनदा यायला लागला, तर वाढते. योजना त्याच्यासाठी आखा.

बक्षीस काय ठेवायचं हे धंद्यावर अवलंबून आहे. सलूनमध्ये दुपारी खुर्ची रिकामी असते, तेव्हाची चंपी द्या. फरसाणवाल्याने स्वतः तळलेल्या चकल्या द्याव्यात. किराण्यात पाकीटबंद मालावर सुटतं थोडं, म्हणून दुधाच्या पिशव्या, साखर, तांदूळ योजनेबाहेर ठेवा आणि बक्षीस सुट्या मसाल्यातून किंवा स्वतः निवडलेल्या कडधान्यातून द्या. तंबाखूजन्य माल कशातच धरू नका.

सुरुवातीला पैसे देऊन सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. गूगल फॉर्म पुरतो. त्यात चारच रकाने करा: मोबाईल, नाव, बिल क्रमांक, शिक्के. चारही सक्तीचे. मोबाईलच्या रकान्यात उत्तर तपासण्याची अट लावा: संख्या 6000000000 ते 9999999999 यांच्या मध्ये. ही अट नसली की कुणी 91 लावून लिहितं, कुणी मध्ये जागा सोडतं, आणि एकाच माणसाची दोन खाती होतात. मग काउंटरवर "माझे शिक्के कुठे गेले?" हा वाद ठरलेला.

कार्ड बारा शिक्क्यांचं ठेवा आणि नाव नोंदवतानाच दोन शिक्के द्या. खरेदी दहाच, पण माणसाला वाटतं की सुरुवात झालेली आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हे गाडी धुण्याच्या कार्डांवर तपासलं होतं. आठ घरांचं कोरं कार्ड 19 टक्के लोकांनी पूर्ण केलं. दहा घरांचं, दोन शिक्के आधीच मारलेलं कार्ड 34 टक्क्यांनी पूर्ण केलं. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती.

म्हणजे पहिल्या बिलाला फॉर्ममध्ये 3 लिहायचे, पुढे प्रत्येक थाळीला 1. बारा झाले की फुकट थाळी द्यायची आणि शिक्क्यांच्या जागी उणे 10 लिहायचं. दोन आपोआप शिल्लक राहतात आणि पुढची फेरी सुरू होते. फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये जमतात, तिथे पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींची आपोआप बेरीज करणारा तक्ता, घाला: ओळींत (Rows) मोबाईल, मूल्यांत (Values) शिक्क्यांची बेरीज. रेंज देताना पूर्ण रकाने निवडा. ठराविक ओळींपुरती रेंज राहिली, तर नव्या नोंदी बेरजेत येत नाहीत, आणि हे महिन्याभराने लक्षात येतं.

काउंटरवरच्या पोराच्या फोनवर फक्त फॉर्म द्या, शीट देऊ नका. मित्राच्या नंबरवर शिक्के मारण्याचा प्रकार बहुतेक दुकानांत कधी ना कधी होतो. रात्री गल्ला मोजताना बिल क्रमांक जुळवा. एकच बिल दोनदा आलं किंवा एका नंबरवर दिवसात पाच शिक्के पडले, तर त्याच दिवशी विचारा. आठवडा गेला की कुणालाच काही आठवत नाही.

गर्दीच्या वेळी, म्हणजे ऑफिसला निघालेली माणसं रांगेत असताना, फॉर्म भरत बसू नका. बिलाच्या प्रतीवर नाव आणि नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवा, दुपारी नोंद करा. नुसत्या चार आकड्यांवर विसंबू नका. दोनशे गिऱ्हाइकांत साधारण दोन जोड्यांचे शेवटचे चार आकडे सारखे निघतात. आजींकडे मोबाईल नसेल तर घरातल्या कुणाचाही नंबर चालवा. कामाच्या मावशी मालकिणीसाठी डबा नेत असतील, तर शिक्का कुणाचा? बिल देताना जो नंबर सांगितला जाईल त्याचा. हा नियम पहिल्याच दिवशी पाटीवर लिहा.

त्याच पाटीवर नंबर कशासाठी घेता, किती दिवस ठेवता आणि काढून टाकायचा असेल तर काय करायचं, हेही लिहा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती हाच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने, बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं दुकानदारांना कळवलं होतं. नंबर नको म्हणणाऱ्याला हसून नुसतं बिल द्या.

निरोप पाठवायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, पण ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि सोसायटीतल्या बाईमाणसांना ते अजिबात आवडत नाही. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत 256 जण मावतात. मात्र ज्याने दुकानाचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला निरोप पोहोचतच नाही. "कुणी उत्तरच देत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून नाव नोंदवतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा. महिन्याला दोन निरोप पुरेत. गणपतीत मोदकांची मागणी नोंदवायला एक जास्तीचा चालेल. रोज सुप्रभात पाठवलंत तर लोक ब्लॉक करतात, आणि ब्लॉक फार झाले की खातंच बंद होऊ शकतं. एसएमएस पाठवायचे असतील तर त्याआधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, दुकानाची आणि मजकुराची नोंदणी लागते. छोट्या दुकानाने त्या भानगडीत पडू नये.

जीएसटी भरत असाल तर सूट त्याच बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा. विक्रीच्या वेळी बिलावर नोंदलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते.

शिक्क्यांना सहा महिन्यांची मुदत ठेवा आणि संपण्याआधी पंधरा दिवस कळवा. न वापरलेले शिक्के ही तुमच्यावरची उधारीच आहे. पाच हजार शिक्के थकले असतील, तर त्या पाचशे थाळ्या झाल्या, म्हणजे 70 च्या भावाने 35,000 रुपये. हा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहा. तीन महिन्यांनी शीट तारखेप्रमाणे लावा आणि चाळीस दिवसांत न फिरकलेल्यांची नावं काढा. त्यांना ब्रॉडकास्ट नको, एकेकाला नाव घेऊन लिहा: "काकू, तुमचे नऊ शिक्के झालेत, अजून तीन राहिले. या गुरुवारी अळूचं फदफदं आहे."