फोर-के टाइमलाइन अडकत होती: ग्राफिक्स कार्ड निवडताना काय पाहिलं

लातूरच्या एका लग्न-शूटिंगवाल्यांचा पीसी. रेझॉल्व्ह स्टुडिओ या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोर-के क्लिप अडकायची, नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) लावलं की ‘जीपीयू मेमरी फुल’, म्हणजे ग्राफिक्स कार्डची मेमरी भरली. तक्रारी दोन, कारणंही वेगळी.

मेमरीचं सोपं. ४ जीबी फोर-केला पुरत नाही. ८ जीबीत कलर ग्रेडिंग होतं, पण टेम्पोरल नॉइज रिडक्शन (अनेक फ्रेम एकत्र तपासून दाणे काढणं) नि फ्यूजनला (रेझॉल्व्हमधला इफेक्ट्सचा भाग) ते तोकडं पडतं. म्हणून ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० नवं असूनही १२ जीबीचं ३०६० घेतलं. ३०६० नावाचं ८ जीबीचंही कार्ड असतं. डब्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या.

खरी गोम अडकण्यात होती. क्लिपा १०-बिट ४:२:२ एच.२६५, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ. एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीची कार्डं हे हार्डवेअरवर डिकोड करतच नाहीत (उलगडतच नाहीत), सगळा भार प्रोसेसरवर. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू पूर्ण भरलेला आणि ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर, हीच खूण. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं इनबिल्ट ग्राफिक्स मात्र हे करतं. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ नको, त्यात हे ग्राफिक्स नसतं. इथे आय५ १२४०० होता. बायोसमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स चालू ठेवलं, रेझॉल्व्हच्या डिकोड सेटिंगमध्ये क्विक सिंकवर (इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्सचं डिकोडिंग) टिक केली, क्लिप सरळ पळाली. कॅमेरा एच.२६४ मध्ये ४:२:२ देत असेल तर हा उपायही चालत नाही, प्रॉक्सीच (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवा.

३०६० ला १७० वॅट लागतात, कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) सांगते. लोकल एसएमपीएसवर ते लावू नका. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, यूपीएस हवाच. मे महिन्यात कॅबिनेटला पुढून दोन पंखे.