जुने पीसी गेम परत खेळायचेत? आधी सेटिंग नीट लावा, मग मत बनवा

जुना गेम परत लावला, दहा मिनिटं खेळला आणि "लहानपणी भारी वाटायचा राव, आता काही मजा नाही" म्हणून बंद केला असं सांगणारे खूप जण भेटतात. माझं यावर ठाम मत आहे की बऱ्याच वेळा गेम बिचारा चुकीच्या स्पीडने चालत असतो, चित्र दाबलेलं किंवा ताणलेलं असतं, आवाज अर्धवट असतो आणि त्यात खेळणाऱ्याने पहिल्याच लेव्हलला चीट टाकलेला असतो. मग मजा येणार कुठून? हे गेम आजही गेम म्हणून उत्तम आहेत, फक्त ते जसे बनवले होते तसे समोर यायला हवेत, तर ते कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात प्रिन्स ऑफ पर्शियापासून करा. शाळेच्या लॅबमध्ये, क्लासच्या पीसीवर डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स खेळलेली पिढी आपल्याकडे मोठी आहे, पण त्यातल्या फार कमी लोकांनी प्रिन्स शेवटपर्यंत नेलाय, म्हणून परत खेळायला याच्यासारखा गेम नाही. जॉर्डन मेकनरने तो १९८९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी काढला, आपण खेळलो तो डॉसवाला (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची सिस्टीम) १९९० चा. जुने डॉस गेम आजच्या पीसीवर चालवणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो तो इन्स्टॉल करा, गेमचा फोल्डर एखाद्या साध्या छोट्या नावाने ठेवा आणि गेमची एक्झी फाईल उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर नेऊन सोडा, झालं, कमांड पाठ करायची गरज नाही. ऑल्ट एंटरने फुल स्क्रीन होतो, माऊस अडकला तर कंट्रोल एफ१० ने सुटतो.

स्पीडचं म्हणाल तर डॉसबॉक्समध्ये त्याला सायकल्स म्हणतात. कंट्रोल एफ११ ने कमी आणि कंट्रोल एफ१२ ने जास्त. प्रिन्स ३००० वर आरामात चालतो, तिथे हात लावू नका. पण विंग कमांडरसारखे (अंतराळातल्या विमानांच्या लढाईचा गेम) काही गेम मशीनच्या स्पीडवर पळतात, जितका वेगवान पीसी तितका गेम सुसाट, आणि मग शत्रूचं विमान दिसायच्या आत आपण मेलेलो असतो, तिथे सायकल्स कमी करत करत हाताला बरं वाटेल तिथे थांबायचं.

आता चित्र. हे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात आणि मला सगळ्यात जास्त खटकतं. त्या काळातले बहुतेक डॉस गेम ३२० बाय २०० मध्ये असायचे पण मॉनिटर चारास तीनचा होता, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किंचित उभट दिसायचा आणि चित्र काढणारे तसंच बघून काढायचे. आजच्या स्क्रीनवर पिक्सेल चौकोनी दाखवले की सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये आस्पेक्टची (aspect) ओळ फॉल्स असेल तर ट्रू करा, एका शब्दाचं काम आहे. आणि पूर्ण रुंद स्क्रीनवर ताणून तर अजिबात खेळू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

आवाजासाठी गेमबरोबर सेटअप नावाची फाईल असेल तर ती आधी चालवून साउंड ब्लास्टर (त्या काळचं साउंड कार्ड) निवडा. पोर्ट विचारला तर २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हे डॉसबॉक्सचे ठरलेले आकडे आहेत. पीसी स्पीकरच्या टीं टीं वर संपूर्ण गेम खेळून "म्युझिक काही खास नाही" म्हणणं बरोबर नाही.

परत प्रिन्सकडे येतो, कारण कंट्रोल जड आहेत ही तक्रार सगळे करतात. मेकनरने आपल्या भावाचं पळणं, उड्या मारणं शूट केलं आणि ते व्हिडिओ एकेक फ्रेम बघून प्रिन्सच्या हालचाली काढल्या, त्यामुळे प्रिन्सला पळायला लागल्यावर वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही, खऱ्या माणसासारखा. हा लॅग नाहीये, हाच गेम आहे. बटण उडीच्या जागेवर नाही, त्याच्या जरा आधी दाबायचं. शिफ्ट धरून बाण दाबला की तो जपून एकेक पाऊल टाकतो, कडेला आला की एकदा थांबतो (परत दाबलं तर मात्र पडतो), म्हणून कुठल्याही मोठ्या उडीच्या आधी शिफ्टने कडेपर्यंत जा, मग मोजून मागे या आणि पळत उडी घ्या. जमिनीतून वर येणाऱ्या काट्यांमधूनही शिफ्ट धरून चालत गेलं की काही होत नाही. आणि फरशी खरी की निसटणारी हे बघायचं असेल तर जागच्या जागी उडी मारा, सैल फरशी हलताना दिसते. हे कळलं की गेम एकदम वेगळा वाटायला लागतो, घाई करणारा मरतो आणि मोजून चालणारा पुढे जातो.

घड्याळ ६० मिनिटांचं आहे आणि मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते पण घड्याळ मागे जात नाही. हे क्रूर वाटतं, पण माझ्या मते सगळी गंमत यातच आहे. पहिल्या फेरीत जिंकायचं मनात आणूच नका, वाट पाठ करा, दुसऱ्या फेरीत तीच लेव्हल निम्म्या वेळात होते. तिसऱ्या लेव्हलपासून पुढे कंट्रोल जी ने सेव्ह होतं, कंट्रोल एल ने परत लोड होतं, पण वाया गेलेला वेळ तसाच वाया राहतो. शिफ्ट एल दाबून सुरुवातीच्या लेव्हल ओलांडता येतात पण त्याची शिक्षा म्हणून हातात फक्त १५ मिनिटं उरतात, त्यामुळे सरावाला ठीक, खऱ्या खेळाला नाही. प्रिन्स मेगाहिट टाईप करून चीट चालू करायचं आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत होतं, तेव्हा केलं तर केलं, पण आता मोठे झालोय, आता एकदा प्रामाणिकपणे खेळून बघाच. चौथ्या लेव्हलच्या आरशातून जे बाहेर पडतं त्याचं पुढे काय करायचं हे स्वतःहून सुचणं म्हणजे काय आनंद असतो तो चीट टाकणाऱ्याला कधीच मिळणार नाही, म्हणून मी इथे सांगतही नाही.

डॉसबॉक्सचा व्याप नको असेल तर प्रिन्ससाठी एसडीएलपॉप म्हणून पोर्ट (म्हणजे तोच गेम आजच्या मशीनसाठी बसवलेला) आहे, थेट विंडोजवर चालतो. त्यात एफ६ ला क्विकसेव्ह आणि एफ९ ला क्विकलोड आहे, ते पहिल्या वेळी वापरू नका एवढीच विनंती.

डूम या बंदुकीच्या गेमची गोष्ट वेगळी. तो १९९३ चा, आणि त्याचा सोर्स कोड १९९७ मध्येच खुला केला, त्यामुळे त्याचे असंख्य पोर्ट आहेत. अगदी जुन्यासारखा हवा तर चॉकलेट डूम, सोयी हव्यात तर जीझेडडूम. पहिला एपिसोड शेअरवेअर म्हणून फुकटच वाटला जायचा, तो आधी खेळा. जीझेडडूम घेतला तर उडी मारणं आणि वर खाली बघणं बंद करून टाका, मॅप त्यासाठी बनवलेलेच नाहीत, उडी मारून कुठेतरी भलतीकडे चढलात की रचनाच मोडते. आणि एक प्रयोग जरूर करा, प्रत्येक मॅप नुसत्या पिस्तुलाने सुरू करा. मागची गोळाबारूद नसली की कुठे शॉटगन ठेवलीय, कुठल्या दोन राक्षसांना आपसात भांडायला लावायचं, हे सगळं दिसायला लागतं, एरवी आपण नुसते धावत सुटतो.

एज ऑफ एम्पायर्स टू बाबतीत मात्र मी नव्याच्या बाजूने आहे. १९९९ ची मूळ सीडी घेऊन आजच्या विंडोजवर झगडण्यापेक्षा २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, सेलमध्ये स्वस्तात मिळते. फक्त त्यातला ऑटो स्काउट (घोडेस्वार आपोआप नकाशा फिरतो ती सोय) बंद ठेवा. काळ्या नकाशात आपल्या हाताने घोडेस्वार फिरवत मेंढ्या शोधणं हा त्या गेमचा आत्मा आहे. शेतं आपोआप परत पेरली जातात ते मात्र चालू ठेवा, त्यात कधीच मजा नव्हती. पहिला एज, १९९७ चा, त्याला तर एका वेळी एकच माणूस बनवता यायचा, पुढच्यासाठी परत येऊन क्लिक करायचं, त्याचा मूळ अवतार कोणालाही सुचवणार नाही.

जीटीए व्हाइस सिटी लावणार असाल तर सेटिंगमधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती फ्रेम दिसतील त्याची मर्यादा) चालूच ठेवा, बंद केला की गाड्या विचित्र वागायला लागतात. आणि आता दुकानात मिळणाऱ्या कॉपीत काही गाणी नाहीत, लायसन्स संपल्यामुळे २०१२ मध्ये काढली, मायकल जॅक्सनचं बिली जीनही गेलं. त्या गेममध्ये रेडिओ म्हणजे अर्धा गेम आहे, त्यामुळे जुनी सीडी घरात असेल तर जपून ठेवा.

मंकी आयलंडसारखे कोड्यांचे गेम असतील तर ते आजच्या पीसीवर चालवणारा स्कमव्हीएम हा प्रोग्राम वापरा. अडकलात की लगेच वॉकथ्रू (सगळी उत्तरं देणारं गाईड) उघडू नका, गेम बंद करून झोपा, दुसऱ्या दिवशी सुचतं. दोन दिवस अडकलात तर मग फक्त त्या एका कोड्यापुरतं बघा आणि टॅब बंद करा.

गेम मिळवायचे तर जीओजी आणि स्टीम ही ऑनलाइन दुकानं, बरेच जुने तिथे आहेत आणि जीओजीवरचे बरेचसे डॉसबॉक्स आधीच बसवून येतात, पण आस्पेक्टची ती ओळ तिथेही एकदा तपासाच. पैसे न घालवता हवं असेल तर ट्रान्सपोर्ट टायकूनसाठी ओपनटीटीडी आणि रेड अलर्टसाठी ओपनआरए, दोन्ही फुकट. आणि डॉस गेमची सेव्ह फाईल बहुतेक वेळा गेमच्याच फोल्डरमध्ये असते, त्यामुळे पीसी फॉरमॅट करायच्या आधी तो अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर टाका, नाहीतर परत पहिल्या लेव्हलपासून.