जुनी गिटार की नवी? तुलना करताना या चुका टाळा

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने परवा वडिलांची कॉलेजातली गिटार आणली. "सर, हिचा आवाज बसलाय. नवी घेऊ का?" जाड तारांवरून बोट फिरवलं तर काळा गंज बोटाला लागला. नवा सेट चढवला आणि तिच्या ओळखीच्या गाण्याचे कॉर्ड वाजवले. ती बघतच राहिली.

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. दुकानातल्या नव्या गिटारवर ताज्या तारा, घरच्या जुनीवर चार पावसाळे खाल्लेल्या. मग तुलना गिटारींची होतच नाही, तारांची होते. दोन्हींवर एकाच जाडीचा, एकाच धातूचा नवा सेट हवा. एकीवर ११ चा आणि दुसरीवर १२ चा (हा आकडा सर्वात बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात) असेल तर जाड तारांची बहुधा जास्त दमदार वाटते. वाजवायला दुसऱ्याला द्या आणि तुम्ही पाठ फिरवून ऐका. २०१२ साली पॅरिसजवळ १० नामवंत व्हायोलिनवादकांना, कुठली कोणती ते ओळखू येऊ नये म्हणून गडद चष्मे लावून, जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली होती. जुन्यांत जगप्रसिद्ध स्ट्रॅडिव्हेरियसही होती. तरी ६ जणांनी नवी निवडली.

"जुनं लाकूड मुरतं" हे सरसकट धरून चालू नका. ते म्हणतात सॉलिड टॉपबद्दल, म्हणजे समोरची पाटी सलग लाकडाची असेल तर; आणि प्लाय, म्हणजे थर चिकटवलेलं लॅमिनेट, काही वयाने सॉलिड होत नाही. साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, कडेला टॉर्च मारा. लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड. मध्ये वेगळा थर दिसला तर लॅमिनेट. यामाहाची एफ३१० लॅमिनेट आहे, एफजी८०० सॉलिड. लॅमिनेट वाईट नव्हे, दमट हवेत ती जास्त टिकाव धरते. पण "जुनी आहे" म्हणून तिला जास्त पैसे मोजू नका.

पैशाचं खरं नुकसान होतं ते नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, कोनात. तारा फार वर आहेत असं दिसलं की विकणारा म्हणतो, "ट्रस रॉड फिरवला की झालं." नाही होत. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई; ती नेकचा बाक काढते, नेक बॉडीला ज्या कोनात जोडलाय तो कोन बदलत नाही. लांब सरळ पट्टी फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या तारांवर) ठेवून ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्याकडे, न्या. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला लागलं तर ठीक. बरंच खाली धडकलं तर नेक काढून पुन्हा बसवावा लागेल, आणि स्वस्त गिटारला तो खर्च तिच्या किमतीहून जास्त येतो. नाव मोठं असलं तरी बघा: अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या १९८५ पूर्वीच्या गिटारमध्ये फिरवता येणारा ट्रस रॉडच नाही.

मुंबई-कोकणात जुलैत निकाल देऊ नका. लाकूड ओल धरतं, टॉप फुगतो, तारा वर येतात. तीच गिटार जानेवारीत हाताला हलकी लागते.

मुलीच्या गिटारवर पट्टी बरोबर ब्रिजच्या कडेवर टेकली. पहिल्या तीन फ्रेटांवर तेवढ्या खाचा आहेत, वडिलांनी वर्षानुवर्षं धरलेल्या सी आणि जी कॉर्डच्या. घासून घ्यायला फ्रेटची उंची अजून शिल्लक आहे.