ऑल्टक्यू चालेना म्हणून बोंबलण्याआधी कार्ड कुठलं ते बघा: या चुका टाळा

महिन्याला एकदोन फोन ठरलेले. "सर, शेपिंग लावलंय पण काय फरकच पडेना की हो." शेपिंग म्हणजे लाइनचा वेग रांगा लावून कामागणिक वाटून देणं. मी पहिला प्रश्न विचारतो, नेटवर्क कार्ड कुठलं? पलीकडं शांतता. मग विचारतो, बरं इंटरफेसचं नाव काय दिसतंय, ईएम, आरई, का व्हीटीनेट (हे नाव कार्डाच्या ड्रायव्हरवरनं पडतं)? परत शांतता, मग "थांबा बघून सांगतो". दोन दिवस खपून पन्नास ओळींची पीएफ डॉट कॉन्फ, म्हणजे फायरवॉलच्या नियमांची फाइल, लिहिलेली असते, एचएफएससी या प्रकारच्या रांगांची नावं सुद्धा छान ठेवलेली असतात, पण ज्या कार्डातून हे सगळं बाहेर पडणार ते कुठलंय हे बघायला दोन मिनिटं मिळालेली नसतात.

हे सगळं फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल चाललंय. त्यात पीएफ फायरवॉल आणि त्याला जोडून ऑल्टक्यू, म्हणजे शेपिंगच्या रांगा लावणारा भाग. हे ऑल्टक्यू मूळ जपानमधलं, केंजिरो चो यांचं 1997 चं काम, फ्रीबीएसडीत आलं 5.3 मध्ये, म्हणजे 2004 ला. जुनं आहे पण अजून चालतंय, आमच्या बेळगावात कितीतरी ऑफिसात कोपऱ्यातल्या धूळ बसलेल्या डब्यात हेच बसलंय.

कार्ड न बघता सुरू करणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळं हिच्यावर जरा जास्त लिहिणार.

लोकांना वाटतं शेपिंग हे फायरवॉलचं काम, ड्रायव्हरचा काय संबंध. लिनक्सवरनं आलेल्यांना तर हे जास्तच वाटतं, कारण तिथं रांग ड्रायव्हरच्या वरच्या थरात बसते. इथं मात्र ऑल्टक्यू जाऊन बसतं इंटरफेसच्या बाहेर जायच्या रांगेत, आणि ड्रायव्हरनं त्या रांगेतनंच एकेक पॅकेट मागून घ्यायचं असा करार आहे. ड्रायव्हर तसा लिहिलेला असला तरच ऑल्टक्यूला काही करता येतं.

सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला गेलाय का गर्दीत? एक रांग असते, तोंडाशी एक माणूस उभा असतो, कुणाला कधी सोडायचं ते तो ठरवतो. आता समजा बाजूला चार दारं उघडली आणि लोक थेट आत जायला लागले, तर त्या माणसानं तिथं उभं राहून काय करायचं? नव्या कार्डांच्या ड्रायव्हरनी हेच केलं. वेग वाढवायला एकाच्या जागी चारआठ रांगा केल्या, प्रत्येक सीपीयूला वेगळी, आणि ती जुनी सामायिक रांग बाजूलाच ठेवून दिली. वेग खरंच वाढला, त्याबद्दल तक्रार नाही, पण ऑल्टक्यूला उभं राहायला जागा उरली नाही. इंटेलच्या आयजीबी ड्रायव्हरमध्ये तर बरीच वर्षं अशी गत होती की ऑल्टक्यू पाहिजे असेल तर 'लेगसी टीएक्स' नावाचा ऑप्शन घालून ड्रायव्हर परत कंपाइल करा, म्हणजे महागडं कार्ड आणून त्याला परत एका रांगेवर आणून बसवा.

आता गोष्ट सांगतो. 2018, गणपतीच्या तोंडावर. उद्यमबागेतली एक फौंड्री, नाव सांगत नाही. तिथं मी एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी बसवून दिलेलं, दोन इंटेलची कार्डं, ईएम झिरो आणि ईएम वन, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ऑल्टक्यू घालून स्वतः बांधलेला. वीस एमबीपीएसची लाइन. पुण्याच्या पार्टीला ड्रॉइंग जायची, मालक घरनं कॅमेरे बघायचे, आणि या दोन्हीत बिलिंगवाल्या बाईंचं सॉफ्टवेअर अडकू नये एवढंच काम. चार वर्षं कुणी त्याच्याकडं वळून बघितलं नाही.

मग एका रात्री करंट गेला, परत आला तो दणक्यानं, आणि डब्याचा पॉवर सप्लाय गेला. मी गावात नव्हतो. मालकांचा भाचा इंजिनिअरिंगला, पोरगा हुशार, खोटं कशाला बोलू. त्यानं जुन्या डिस्कची इमेज काढली, ऑफिसच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स होतंच, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, त्यात व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) केली, आणि कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं म्हणून नेटवर्कला व्हर्टआयओ नावाचं व्हर्च्युअल कार्ड निवडलं, कारण ते फास्ट असतं. इंटरफेसचं नाव झालं व्हीटीनेट. त्यानं सगळ्या फायलीत ईएम शोधून व्हीटीनेट घातलं, बूट केलं, आणि नेट बंद.

सकाळी दहाला मला फोन. "मामा, सगळं बरोब्बर केलंय बघा, लाइनच गेलीय बहुतेक." मी त्याचा कुणी मामा नाही, पण असू दे. लाइनवाल्याला बोलावून झालेलं, त्यानं आपला लॅपटॉप लावून नेट चालतंय ते दाखवून झालेलं, मग मालक लाइनवाल्यावर आणि लाइनवाला डब्यावर. दुपारी मी पोचलो. स्क्रीन वर सरकवून बूटच्या वेळची ओळ शोधली, ती तिथंच पडली होती, सकाळपास्नं कुणी वाचली नव्हती: व्हीटीनेट झिरो, ड्रायव्हर डझ नॉट सपोर्ट ऑल्टक्यू.

आणि खरी गंमत पुढंच आहे. पीएफ डॉट कॉन्फमधली एक ओळ कर्नलनं नाकारली की अख्खी फाइलच लोड होत नाही. त्याच फाइलीत नॅट, म्हणजे आतल्या सगळ्यांना एकाच पत्त्यावरनं नेट द्यायची सोय, त्याच फाइलीत अडवायचे नियम. म्हणजे पीएफ चालू, पण नियम शून्य, आणि नियम नसले की पीएफ सगळ्यांना या बसा म्हणतं. आतल्यांना नॅट नाही म्हणून नेट नाही, आणि बाहेरच्या जगाला मात्र डब्याचं एसएसएच, म्हणजे लांबनं लॉगिन करायचं दार, उघडं. सकाळी दहापास्नं दुपारपर्यंत. लॉग बघितला तर रूटचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणाऱ्यांची जत्रा भरलेली.

दुरुस्तीला किती वेळ लागला? व्हीएम बंद केली, कार्डाचा प्रकार व्हर्टआयओ काढून इंटेल ई1000 केला, फायलीत परत ईएम घातलं, चालू. दहा मिनिटं. ई1000 ही नकली कार्ड असतात, सीपीयू जास्त खातात, पण वीसच्या लाइनला त्यानं काय होतंय. भाचा म्हणाला, पण मामा व्हर्टआयओ फास्ट असतंय की. मी म्हटलं, लेका, रस्ता वीसचा आहे, त्यावर तू विमान आणून काय करणार.

तेव्हापास्नं माझी सवय अशी: मशीन हातात आलं की पहिलं आयएफकॉन्फिग ही कमांड मारून इंटरफेसची नावं बघायची, मग त्याच मशीनवर ऑल्टक्यूचं मॅन पेज (सिस्टिममधलं माहितीचं पान) उघडायचं, त्यात ड्रायव्हरांची यादी आहे. त्याच मशीनवर म्हणतोय, गुगलवरचं नाही, कारण ही यादी आवृत्तीनुसार बदलते. फ्रीबीएसडी 12 पासून ईएम आणि आयजीबी नव्या सामायिक चौकटीवर गेले, त्यामुळं जुन्या लेखात 'चालत नाही' लिहिलेलं कार्ड आज चालतं असंही होतं.

एरर न वाचता गुगल करणे

ऑल्टक्यूच्या तीन एररी आहेत आणि तिन्हीचा अर्थ वेगळा. 'नो ऑल्टक्यू सपोर्ट इन कर्नल' म्हणजे कर्नलमध्येच नाही. हे मॉड्यूल म्हणून लोड होत नाही, कर्नलमध्येच बांधायला लागतं, त्याला शॉर्टकट नाही, शोधू नका. 'क्यूटाइप नॉट कॉन्फिगर्ड' म्हणजे ऑल्टक्यू आहे, पण तुम्ही मागितलेला प्रकार, एचएफएससी, सीबीक्यू जो काय असेल तो, बांधताना घातला नाही. आणि 'ड्रायव्हर डझ नॉट सपोर्ट' म्हणजे वरची सगळी रामकहाणी. एकानं तिसरी एरर आल्यावर तीन वेळा कर्नल कंपाइल केला. जुन्या मशीनवर, दर वेळी अख्खी दुपार. मला सांगायलाही लाजत होता.

मायनस एन वर विश्वास ठेवणे

पीएफसीटीएल, म्हणजे पीएफचे नियम लोड करायची कमांड, तिला मायनस एन दिलं की फाइल नुसती वाचली जाते, कर्नलला काही विचारलं जात नाही. म्हणजे व्याकरण बरोबर की चूक एवढंच कळतं. भाच्यानंही तेच करून बघितलेलं, काही एरर नाही आली म्हणून खुशाल रीबूट केला. व्याकरण त्याचं बरोबरच होतं की.

पीपीपीओईवाल्यांसाठी

इथं फायबरच्या बऱ्याच लाइनी पीपीपीओईवर, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडायच्या पद्धतीनं येतात, मग ती जोडणी करायला एमपीडी हा प्रोग्रॅम वापरला की एनजी झिरो नावाचा इंटरफेस तयार होतो आणि लोक ऑल्टक्यू त्याच्यावर लावतात. एरर येत नाही, म्हणून तर जास्त वाईट. एनजी हा खरा तारेचा इंटरफेस नाही, त्याला स्वतःचा वेगच नाही, त्याच्या मॅन पेजमध्ये स्पष्ट लिहिलंय की बोगद्यावर (एका जोडणीच्या आत गुंडाळलेल्या दुसऱ्या जोडणीवर) लावू नका, ज्या कार्डातनं गुंडाळलेली पॅकेट बाहेर जातात त्याच्यावर लावा. नियम एनजीवर, रांग कार्डावर.

ओपनबीएसडीचं उदाहरण जसंच्या तसं उचलणे

ओपनबीएसडी ही पीएफ असलेली दुसरी सिस्टिम, तिनं 5.5 मध्ये नवी रांगपद्धत आणली आणि 5.6 मध्ये ऑल्टक्यू काढूनच टाकलं, दोन्ही 2014 मध्येच. त्यानंतरचं तिकडचं उदाहरण फ्रीबीएसडीत चालणार नाही. नाव पीएफच आहे म्हणून फसू नका.

नियम बदलला, स्टेट तसेच

हे मी स्वतः सुद्धा केलंय. रांग ठरते ती स्टेट, म्हणजे पीएफनं ठेवलेली चालू जोडणीची नोंद, तयार होताना. तुम्ही नियम बदलला, लोड केला, पण सकाळपास्नं चाललेलं डाउनलोड जुन्या स्टेटवरनंच चाललंय, त्याला नव्या रांगेचा पत्ताच नाही. मग फरक पडेना म्हणून आकडे बदलत बसायचं, अर्ध्या तासानं काय बदललं होतं तेच आठवत नाही. स्टेट साफ करा. सगळ्यांची जोडणी तुटते, म्हणून मी हे जेवणाच्या सुट्टीत करतो. आणि मग पीएफसीटीएलनं रांगांची आकडेवारी मायनस व्हीव्ही देऊन लावून ठेवायची, दर काही सेकंदाला आकडे हलतात. ज्या रांगेत पॅकेट शून्य, तिच्या नियमात गडबड.

थोडक्यात उरलेलं

बिलावरचा वेग बँडविड्थमध्ये लिहू नका. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजा, सगळ्यात कमी आकडा घ्या, त्यातनं दहा टक्के काढा. नाहीतर रांग तुमच्याकडं लागतच नाही, मोडेमात लागते, आणि तिथं तुमचं काही चालत नाही.

डाउनलोड आवरायचं असेल तर रांग लॅनच्या कार्डावर. ऑल्टक्यू फक्त बाहेर जाणारं आवरतं.

टीएसओ आणि एलआरओ, म्हणजे पॅकेट तोडायचं-जोडायचं काम कार्डावर टाकायच्या सोयी, राउटरवर बंद. विचारू नका, बंद करा.

रिकाम्या एसीके पॅकेटना, म्हणजे 'मिळालं' एवढंच कळवणाऱ्या पॅकेटना, वेगळी रांग द्या, एका नियमात दोन रांगांची नावं लिहिता येतात, दुसरीत ती जातात. अपलोड चालू असताना डाउनलोड मरतं ते निम्म्या वेळा यानंच सुधारतं.

कार्ड काही केल्या जमत नसेल तर ऑल्टक्यू सोडा आणि डमीनेट घ्या, फ्रीबीएसडीतलीच शेपिंगची दुसरी सोय. ते पॅकेट ड्रायव्हरपर्यंत पोचायच्या आधीच अडवतं, त्यामुळं कार्ड कुठलं याचं त्याला काही पडलेलं नाही. 11 पासून त्यात एफक्यू कोडेल ही रांग न तुंबू देणारी पद्धत पण आहे, आणि 14 पासून थेट पीएफच्या नियमातनं वापरता येतं, त्याआधी आयपीएफडब्ल्यू हा दुसरा फायरवॉल लागायचा. नव्या ठिकाणी मी आता हेच लावतो. ऑल्टक्यूवर माझा जीव आहे हे खरं, पण गिऱ्हाइकाला त्याचं काय.

आणि लांबनं नियम लोड करत असाल तर आधी जुनी फाइल पाच मिनिटांनी आपोआप परत लोड होईल असं मागं लावून ठेवा, सगळं ठीक असलं की ते मारून टाका. खानापूरच्या एका गिऱ्हाइकाकडं मी हे केलं नाही, एंटर मारला आणि स्क्रीन गोठली. जुलै होता. पावसात गाडीवर पंचवीसेक किलोमीटर गेलो, तिथं पोचून कीबोर्ड जोडला, एका ओळीत एक कंस राहिलेला होता म्हणावं तर तेही नाही, लॅन आणि वॅनच्या कार्डांची नावं उलटी लिहिली होती.