‘मी प्याचे इल काफ्फे’: एका वाक्यातून इटालियन व्याकरण

इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्याला हे वाक्य उलटं वाटतं. मराठी माणसाला ते अवघड जायचं काहीच कारण नाही. ‘मी प्याचे इल काफ्फे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’, आणि दोन्हीकडे बांधणी एकच: ज्याला आवडतं तो ‘मला’मध्ये, आणि क्रियापद चालतं ते कॉफीच्या मागे. म्हणून इथे इंग्रजी मध्ये आणूच नका, मराठीवरून थेट इटालियनवर जा.

आधी पहिला शब्द. देवनागरीत तो आपल्या ‘मी’सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ ‘मला’. आपल्या ‘मी’साठी इटालियनमध्ये ‘इओ’ आहे. तुला म्हणजे ‘ती’, त्याला ‘ल्यी’, तिला ‘ले’, आम्हाला आणि आपल्याला दोन्हींसाठी ‘ची’, अनेकांना उद्देशून तुम्हाला ‘वी’, आणि त्यांना पुन्हा ‘ल्यी’. एकाच व्यक्तीला आदराने विचारायचं तर ‘वी’ नाही, ‘ले’ वापरा: ‘ले प्याचे इल काफ्फे?’ याचा अर्थ ‘तिला आवडते का?’ असाही होतो, संदर्भावरून कळतं.

नाव घ्यायचं असेल तर आपल्या ‘ला’चं काम ‘आ’ करतो, फक्त तो नावाच्या आधी येतो: ‘आ मारिया प्याचे इल काफ्फे’. हा ‘आ’ गळला की ‘मारियाला कॉफी आवडते’चं ‘मारिया कॉफी आवडते’ होतं. बोलण्याच्या भरात सगळ्यात जास्त गळतो तो हाच. नकार मात्र आपल्यासारखा शेवटी येत नाही. ‘नोन’ अगदी पुढे बसतो: ‘नोन मी प्याचे इल काफ्फे’.

आता क्रियापद. आवडणारी वस्तू एक असेल तर ‘प्याचे’, अनेक असतील तर ‘प्याच्चोनो’, म्हणजे आवडते आणि आवडतात. ‘मी प्याच्चोनो ले फ्रागोले’, मला स्ट्रॉबेऱ्या आवडतात. स्पागेत्ती इटालियनमध्ये अनेकवचनी आहे, त्यामुळे तिथेही ‘मी प्याच्चोनो ल्यी स्पागेत्ती’च म्हणायचं. ‘इओ प्याच्चो इल काफ्फे’ ही इंग्रजीच्या वाटेने आलेली चूक. ‘प्याच्चो’ म्हणजे ‘मी आवडतो’ किंवा ‘मी आवडते’, आणि ‘ती प्याच्चो?’ म्हणजे ‘मी तुला आवडतो का?’ तसंच ‘मी प्याची’ म्हणजे ‘तू मला आवडतोस’ किंवा ‘आवडतेस’, तेव्हा शेवटचा स्वर सांभाळून उच्चारा. एखादी कृती आवडत असेल तर मूळ क्रियापद जोडा: ‘मी प्याचे लेज्जेरे’, मला वाचायला आवडतं. पुढे ‘ए कुचिनारे’, म्हणजे स्वयंपाक करायलाही, असं वाढवलं तरी ‘प्याचे’ एकवचनीच राहतं. मराठीतही दोन्ही कृतींना मिळून ‘आवडतं’च म्हणतो.

उच्चारात ‘प्याचे’चा च ‘चार’मधला, ‘चोर’मधला नव्हे. ‘चोर’मधला च इटालियनमध्ये ‘ग्रात्सिए’, ‘पीत्सा’ अशा शब्दांत येतो. हे दोन्ही आवाज आपल्या जिभेवर आधीपासून आहेत. ‘प्याच्चोनो’त जोर पहिल्या ‘प्या’वर, ‘काफ्फे’त शेवटच्या ‘फे’वर, आणि जोडाक्षर खरोखर थांबून म्हणायचं, ‘पत्ता’मध्ये थांबतो तसं.

‘इल’कडे वेळ द्या, कारण मराठीत त्याला जोड नाही. सर्वसाधारण आवडीनिवडी सांगतानाही नामाआधी हा शब्द लागतोच. नुसतं ‘मी प्याचे काफ्फे’ चूक. पुल्लिंगी एकवचनाला ‘इल’, पण ‘त्सुक्केरो’ (साखर) किंवा ‘स्पोर्त’ यांसारख्या शब्दांआधी ‘लो’. स्त्रीलिंगी एकवचनाला ‘ला’. शब्द स्वराने सुरू झाला तर दोन्ही लिंगांत नुसता ‘ल’ उरतो: ‘लाक्वा’, म्हणजे पाणी. अनेकवचनात ‘इल’चा ‘ई’, ‘लो’चा ‘ल्यी’ आणि ‘ला’चा ‘ले’ होतो. नाम पाठ करताना या शब्दासकटच पाठ करा. नुसतं ‘काफ्फे’ पाठ केलंत तर लिंग कळणार नाही, आणि भूतकाळात अडाल.

भूतकाळ असा होतो: ‘मी ए प्याचूतो इल काफ्फे’ आणि ‘मी ए प्याचूता ला पीत्सा’. मराठीत कॉफी आवडली आणि पिझ्झा आवडला. इटालियनमध्ये काफ्फे पुल्लिंगी आणि पीत्सा स्त्रीलिंगी, म्हणजे बरोबर उलट. मराठी सवयीने बोललात तर दोन्ही वाक्यं चुकतील. अनेकवचनात ‘मी सोनो प्याचूती ल्यी स्पागेत्ती’ आणि ‘मी सोनो प्याचूते ले फ्रागोले’. ‘ए’ आणि ‘सोनो’ ही ‘असणे’ या क्रियापदाची रूपं आहेत. खाल्लं, प्यायलो यांना ‘ओ’, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे आहे’, लागतं (‘ओ मांजातो’, मी खाल्लं), म्हणून ‘ओ प्याचूतो’ म्हणायचा मोह होतो. ते चूक आहे.

इटलीतल्या बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, कॉफी मागवताना मात्र हे वाक्य वापरू नका, ती फक्त माहिती ठरेल. तिथे ‘वोर्रेई उन काफ्फे’ म्हणा, आणि छोट्या कपात एस्प्रेसो येईल.

हा साचा बसला की आणखी क्रियापदं फुकट मिळतात. ‘मी सेर्वे उना पेन्ना’, मला पेन हवं आहे. ‘मी बास्ता’, मला पुरे. ‘मी फा माले ला तेस्ता’, माझं डोकं दुखतंय. इथे मराठीत ‘माझं’ असलं तरी इटालियनमध्ये ‘मला’च. दात दुखत असतील तर ‘मी फान्नो माले ई देन्ती’.

पण मराठीतला प्रत्येक ‘मला’ असा उचलता येत नाही. ‘मला समजतं’ला ‘कापीस्को’, म्हणजे शब्दशः ‘मी समजतो’. ‘मला भूक लागली’ला ‘ओ फामे’, म्हणजे ‘माझ्याकडे भूक आहे’. थंडी वाजते तेव्हा ‘ओ फ्रेद्दो’, तहान लागली की ‘ओ सेते’. ही यादी वेगळी पाठ करा.