ल्युसिफर या नावाचा अर्थ लावताना या चुका टाळा

इंदुरातील आपल्या मराठी घरांत ख्रिस्ती कथा बहुधा शाळेतून, हिंदी पुस्तकांतून किंवा चित्रपटांतून पोहोचतात. त्यामुळे ल्युसिफर हे सैतानाचे बायबलमधील मूळ नाव आहे, ही समजूत सहसा कोणी तपासून पाहत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ही समजूत ज्यावर उभी आहे ते, बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 14 व्या अध्यायातील 12 वे वचन सुटे काढून वाचणे. त्याच अध्यायाच्या 4 थ्या वचनात स्पष्ट म्हटले आहे की, हे गीत बाबेलच्या राजाला उद्देशून आहे. देवाच्या ताऱ्यांहून उंच सिंहासन मांडण्याची घमेंड बाळगणारा हा राजा अधोलोकात कोसळतो, आणि कवी त्याला मूळ हिब्रूत ‘हेलेल बेन शाहर’, म्हणजे तेजस्वी प्रभातपुत्र, असे संबोधतो. येथे अभिप्रेत असलेला प्रभाततारा, म्हणजे शुक्र, सूर्यापासून सुमारे 47 अंशांपलीकडे कधीच जात नसल्यामुळे पहाटे तो झळाळत उगवला, तरी आकाशाच्या माथ्यावर पोहोचण्याआधीच उजेडात लोपतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उपमा किती नेमकी आहे ते कळते. इंदुरात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही बायबले सहज मिळतात. ती शेजारी ठेवून पाहावीत. प्रचलित भाषांतरांत या ठिकाणी ताऱ्याचाच उल्लेख आहे.

दुसरी चूक याच्या अगदी उलट आहे: हे नाव बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमच्या चुकीच्या भाषांतरातून जन्मले, असे ठासून सांगणे. ग्रीक भाषांतरात ‘हेओस्फोरोस’, म्हणजे पहाट आणणारा, हा शब्द होता. जेरोमने लॅटिनमध्ये ‘ल्युसिफर’, म्हणजे प्रकाश आणणारा, हा शुक्रताऱ्यासाठी रूढ असलेला शब्द योजला, आणि तो योग्यच होता. येशूने सैतानाला विजेसारखे आकाशातून पडताना पाहिल्याचे लूक 10:18 मध्ये आले आहे. ते वचन आणि यशयाचे गीत ओरिजेनसारख्या आरंभीच्या धर्मपंडितांनी एकत्र वाचले, आणि तेथून राजाची उपमा पतित देवदूताकडे, म्हणजे सैतानाकडे, वळली. पुढे 1611 च्या इंग्रजी बायबलने तो शब्द विशेषनामासारखा तसाच ठेवला. लूथर आणि कॅल्व्हिन या दोघा धर्मसुधारकांनीही हे वचन सैतानाला लावणे नाकारले होते.

ईस्टरच्या रात्रीच्या लॅटिन स्तोत्रात ‘ल्युसिफर’ हा शब्द ऐकून ख्रिस्ती लोक सैतानाची स्तुती करतात, असा आरोप कधीकधी केला जातो. तो अज्ञानमूलक असून दुसऱ्यांच्या श्रद्धेवर अन्याय करणारा आहे. तेथे मावळत नसलेला प्रभाततारा म्हणजे स्वतः ख्रिस्त होय. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या लॅटिन पाठातही (1:19) हाच शब्द अंतःकरणात उगवणाऱ्या ताऱ्यासाठी आला आहे.

इस्लाममधील सैतानाची, म्हणजे इब्लिसची, कथाही येथे मिसळू नये. आदमापुढे नमण्यास त्याने दिलेला नकार कुराणात आहे, यशयात नाही. ‘सैतान’ हा शब्दही मुळात विरोधक या अर्थाचा असून बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथाच्या हिब्रू पाठात तो उपपदासह (इंग्रजीतील ‘द’सारख्या), पदनामासारखा येतो. आणि चौथ्या शतकात सार्डिनियातील काल्यारी येथे ल्युसिफर नावाचे बिशप होऊन गेले. त्या काळी हे नाव धारण करण्यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते.